मोठ्या मशीनच्या दारावर

आमच्या खोलीत धूळ जमू द्यायची नाही, असा सक्त नियम आहे. मी दिवसातून दोनदा पुसते. पण किस्से जमतात, त्याला काय करणार? ते कोणत्याच फडक्यानं निघत नाहीत. बसमध्ये बायका विचारतात, "बंद खोलीत दिवसभर करता काय जी?" मग मी एक सांगते, तर त्याच्या मागून दुसरा आठवतो, आणि सांगता सांगता माझं उतरायचं पोंभुर्णा येऊन जातं.

खोली म्हणजे चंद्रपुरातल्या एका बँकेची मशीनची खोली. गडचिरोली, पार सिरोंच्यापर्यंतच्या शाखा या एका मोठ्या मशीनवर चालतात. मशीन सांभाळायला मडावी सर. मशीनमध्ये कोण शिरतं त्यावर नजर ठेवायला वर्षा मॅडम. आणि दारावर मी, सातवी शिकलेली. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, काय घेऊन, कशासाठी, जे होईल ते सगळं रजिस्टरात लिहायचं, असा वर्षा मॅडमचा नियम. हे माझं काम.

यंदा वरून कागद आला, दारावर माणूस कशाला, अंगठ्याचं यंत्र लावा. आधी तपासणी होणार, मग ठरणार. तेव्हापासून माझा जीव टांगणीला! ही ड्युटी गेली तर परत धानाच्या रोवण्याला जायचं, दोन वर्षांच्या पोट्टीला बांधावर झोपवून. मागं एकदा झोपवली होती, तर तिच्या दुपट्यात विंचू निघाला. 

*

पहिल्या दिवशी मी मडावी सरांना विचारलं, "सर, एवढे सर्वर हायेत म्हणता, पण कपाट तर एकच दिसते."

सर म्हणाले, "ताई, तुमच्या गावात तलाव आहे ना? तलाव एक, मासे धरणारे अनेक. तसं हे मशीन म्हणजे तलाव. आत कितीतरी लिनक्स सर्वर आपापल्या वाट्याचं पाणी घेऊन बसलेत. प्रत्येकाला वाटतं, अख्खा तलाव माझाच. आणि एकाच्या जाळ्यात काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही."

माझं सासर मासे धरणारं. मी म्हटलं, "नाई जी सर. आमच्या तलावात सगळ्यायले दिसते. कोणाले केवढा मरळ गावला, ते तो घरी पोचाच्या आधी त्याच्या बायकोले मालूम पडते."

सर मागं वळून म्हणाले, "ऐकलं ना वर्षा मॅडम? म्हणून तुम्ही लागता."

*

मशीनला गरमी चालत नाही, त्यामुळे खोली बारा महिने गारठलेली. मे महिन्यात, आमच्या चंद्रपुरात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, मी थैलीत स्वेटर आणि कानटोपी घेऊन बसमध्ये चढते. एकदा थैली उलटली. कंडक्टर भाऊंनी कानटोपी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"बाई, कुठी चालल्या?"

"ड्युटीवर."

"काश्मीरले का?"

*

खोलीत मोबाईल न्यायचा नाही, हा वर्षा मॅडमचा नियम. तो बाहेर कपाटात ठेवायचा. आणि मला तर दर तासाला पोट्टीची काळजी. म्हणून मी गुपचूप टेबलावरच्या लाल फोनचा नंबर सासूबाईंना देऊन आले. मला काय माहीत, तो फोन मशीन बंद पडलं तरच वाजतो!

एके दुपारी वाजला. वर्षा मॅडम खुर्चीवरून उठल्या त्या उभ्याच राहिल्या. मडावी सरांनी फोन घेतला, "हॅलो, कोणती शाखा?"

तिकडून सासूबाई. "शाखा-गिखा नाई बापू. कविताले सांगा, पोट्टी जेवून नाई राह्यली."

मला वाटलं, तपासणी कशाला पाहिजे, आजच घरी पाठवतात. पण सरांनी वही पुढं ओढली. "कधीपासून?"

"सकाळपासून."

"शेवटचं काय खाल्लं?"

"मुरमुरे."

"ताप वगैरे?"

"नाई."

"दहीभात देऊन बघा. पंधरा मिनिटांत कळवा."

पंधरा मिनिटांनी परत फोन. जेवली म्हणे, वाटी चाटून. आता त्या फोनवर जे येईल ते नोंदवावंच लागतं. सरांनी लिहिलं, "तक्रार: भोजन बंद. उपाय: दहीभात. सेवा पूर्ववत."

*

शाखेत कोणाचा पासवर्ड तीनदा चुकला की त्याचं लॉगिन बंद होतं. मग वर्षा मॅडमना फोन करायचा, आणि आधी स्वतःच निवडून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडी द्यायचं. गोंडपिपरीकडच्या एका वयस्क बाईंनी प्रश्न निवडला होता, नवऱ्याचं नाव.

"सांगा बाई, काय नाव?" वर्षा मॅडमनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"लिहून पाठवू का जी?"

"नाही, तोंडानंच सांगावं लागतं."

"माय वो! लग्न झाल्यापासून असं सरळ नाई घेतलं मी."

"नाव घेतल्याशिवाय लॉगिन उघडत नाही, बाई. माझ्या हातात नाही."

तिकडे मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि बाईंनी सूर लावला:

"खिडकीपुढच्या लोकायनं घातला मले घेर,
दामोदररावांचं नाव घेते, मॅडम, नका लावू देर."

तिकडच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इकडे वर्षा मॅडमनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता टाइप केलं, "ओळख पटली. पद्धत: उखाणा."

*

दसऱ्याला मडावी सर म्हणाले, शेतकरी नांगर पुजतो, आपण मशीन पुजू. कुंकू नको, आत जाईल, नुसता हार आणा. मी झेंडूचा असा भरगच्च हार आणला की मशीनची समोरची जाळी पूर्ण झाकली. आणि मशीन गार हवा ओढतं ते नेमकं त्याच जाळीतून.

अर्ध्या तासात सरांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं. सर एसी तपासतात, मॅडम आतले पंखे तपासतात. सगळं ठीक, तरी मशीन तापतंच आहे. मी दारातून विचारलं, "सर, हार काढून पाहू का?"

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. हार काढला, मशीन गार झालं. एवढा छान हार फेकायचा कसा, म्हणून सरांनी तो कोपऱ्यातल्या जुन्या, बंद पडलेल्या मशीनच्या गळ्यात घातला. म्हणाले, "याले चालते. हा रिटायर हाये."

*

मग तपासणी आली. नागपूरच्या मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर, हसण्याचं नाव नाही. सकाळी पोट्टीचे एकाच्या जागी दोन पापे घेऊन निघाले होते.

दोन तास त्यांनी मशीनमधल्या नोंदी वाचल्या. मग मागच्या महिन्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "सकाळी अकरा चाळीसला इथं कोणीतरी थेट रूट म्हणून शिरलंय. कोण?"

रूट म्हणजे मशीनच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. तो घेऊन थेट घुसायचं नाही. आधी आपल्या नावानं आत जायचं, मग कामापुरता मागायचा. नियम वर्षा मॅडमचाच. पण मशीननं नुसतं 'रूट' लिहिलेलं, माणसाचं नाव नाही.

मडावी सर म्हणाले, "मी नाही."

वर्षा मॅडम म्हणाल्या, "आता एवढं आठवत नाही."

"दारावरचं रजिस्टर आणा."

मी नेऊन दिलं. नागपूरच्या मॅडमनी ते पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"अकरा वीस, मडावी सर आत. अकरा पंचवीस, वर्षा मॅडम आत, हातातला चहा बाहेर ठेवायला लावला. अकरा पस्तीस, मडावी सर बाहेर, घरून फोन. अकरा पन्नास, वर्षा मॅडम बाहेर. चेहरा पांढरा. म्हणल्या, घाईघाईत भलताच सर्वर बंद केला होता, आता चालू झाला. म्हणल्या, कोणाले सांगू नको. सांगतलं नाई. लिवून ठेवलं."



नागपूरच्या मॅडमनी शेवटची ओळ परत एकदा मनातल्या मनात वाचली. मग मडावी सरांना विचारलं, "अंगठ्याचं यंत्र काय काय लिहितं?"

"वेळ आणि अंगठा, मॅडम."

त्यांनी आपल्या कागदावरची अंगठ्याच्या यंत्राची ओळ आडवी खोडली, रजिस्टर माझ्याकडे परत दिलं. वर्षा मॅडमना म्हणाल्या, "आपण जेवणानंतर बोलू," आणि हात धुवायला गेल्या.

वर्षा मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आमची बोली ऐकली.

"कविता, काऊन लिवलं वो?"

"मॅडम, तुमचाच नियम हाये ना जी. जे होईन ते लिवाचं."

 मग त्यांची नजर खाली माझ्या हातातल्या पेनाकडे गेली.

"हेबी लिवून राह्यली का?"

"जरा थांबा जी मॅडम," मी म्हटलं, "काऊन लिवलं, इथपर्यंत झालं."