पश्चिमेच्या खिडकीचं माप

ही हकिकत मी इतकी वर्षं टाळली. विषय निघाला की चहा मागायचो. आता पंच्याहत्तरी उलटली, तेव्हा सासुरवाडच्या मंडळींनाही वाचता यावी म्हणून लिहूनच टाकतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत खिडकीवर माझ्या धाकट्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस झाला नाही, आणि त्या माणसावर मी अन्याय केला.

साडू तासगावकडचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, सांगलीत घर बांधून राहिलेले. कुणाच्याही घरी गेले की आधी काचेला तळहात लावायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. एकदा भाचीसाठी स्थळ पाहायला गेलो. पोहे आले, मुलगा आला, आणि हे उठून खिडकीशी! "पोरगं लय चांगलं हाय," त्यांनी निकाल दिला, "पर दुपारी हितं नांदायचं कसं? आदी काचा बदला, मग तारीख काढू." लग्न झालं. काचाही बदलल्या. सत्यनारायणाच्या पूजेत ते उदबत्ती घेऊन खिडकीच्या चौकटीभोवती फिरू लागले की घरातल्या म्हाताऱ्या भक्तिभावाने हात जोडायच्या, एवढ्यात धूर आत वळायचा आणि हे ओरडायचे, "सापडलं! वारं हितनं शिरतंय!"

साताऱ्यातलं माझं घर पश्चिमेला तोंड करून उभं. उन्हाळ्यात दुपारी खोलीत पापड वाळावेत. खिडक्या बदलायच्या म्हटल्यावर साडू पहिल्या एसटीने हजर. "पाव्हणं, आता तुमी गप बसायचं. एसी-बिसी काय नगं. ऊन दारातनंच माघारी लावू!" मला कुपवाडच्या कारखान्यात नेलं. तिथे तीन खोक्यांना पुढून तीन काचा लावल्या: एक साधी, एक दुहेरी, आणि एक दुहेरीच, पण ऊन परतवणारा लेप दिलेली. प्रत्येक खोक्यात वाटीभर लोणी ठेवून खोकी उन्हात मांडली. यंत्रं थांबली, कामगार गोळा झाले. "साधीचं गेलं रं!" "दुहेरीचं बी पाघळाया लागलं गड्या!" तिसऱ्या वाटीतला गोळा मात्र साडूंसारखाच ताठ. मालकासकट सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी तर शिट्टी वाजवली, वयाच्या सत्तरीत!

मापाच्या बाबतीत मात्र ते कडक. जुनी भिंत कधी सरळ नसते, म्हणून प्रत्येक खिडकी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजायची आणि सगळ्यांत कमी भरेल ते माप धरायचं. सगळ्या खिडक्या त्यांनी स्वतः मोजल्या. पश्चिमेची मोठी तेवढी राहिली, तेव्हा टेप माझ्या हातात दिली. "ही तुमी मोजा. तुमचं घर हाय, तुमचा बी हात लागू द्या." मला शिडी चढायचा कंटाळा. मी खालीच एकदा टेप धरली आणि त्यांच्या वहीत तोच आकडा तीनदा लिहिला.

खिडक्या बसवायच्या दिवशी सासुरवाडची सगळी मंडळी जमली होती. बाकीच्या खिडक्या सुबक बसल्या. पश्चिमेची वरच्या बाजूला अडली, काही केल्या आत जाईना.

"माप कुणी घेतलं?" फिटरने विचारलं.

"आणि कोण?" मेव्हणा म्हणाला. "आमचे सुभेदार!"

हशा पिकला. साडूंनी वही उघडली. त्या पानावर माझं अक्षर होतं. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांनी वही मिटली. "माजीच चूक," म्हणाले. "चौकट नवी करून घेऊ." मी सगळ्यांबरोबर हसत होतो.

नवी चौकट आली, चोख बसली. पण त्यानंतर नात्यात कुणी घराचं काम काढलं की "सुभेदारांना कळवू नका हं!" हे ठरलेलं. साडूंनी कुणाच्या काचेला हात लावणं सोडलं. लग्नकार्यात खिडकीकडे पाठ करून बसायचे.

गेल्या वर्षी ते आजारी पडले तेव्हा मी मुद्दाम सांगलीला गेलो. एसटीत वाक्य पाठ केलं होतं. मला पाहताच ते उशीवरून उठायला लागले. "पाव्हणं, खोली गार ऱ्हाती का?"

"राहते की! चादर घ्यावी लागते."

"मग! म्हटलं न्हवतं?" ते इतके खुलले की मेहुणी दारातून म्हणाली, "महिन्याभरात आज पहिल्यांदा हसले." त्या हसण्यावर मला ते वाक्य घालवेना. पुढच्या खेपेला सांगू, म्हटलं. पुढची खेप त्यांच्या दहाव्याला झाली.

वाक्य एवढंच होतं: सुभेदार, त्या खिडकीचं माप मी घेतलं होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर तोंड मी उघडायला हवं होतं, मला माफ करा.