दिलेली तंबी

तमाम वाचकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, चेन्नईत माझ्याकडे कथेची थीम आणि मूड कथेच्या आधी मागण्यात आले!

मागणारे होते आमच्या मराठी मंडळाच्या गणपती अंकाचे संपादक. हुद्दा बँकेत, अधिकार साहित्यावर. म्हणाले, "थीम कळवा, मूड कळवा, मग पान राखतो."

"अहो, बारशाआधी पोराचा स्वभाव विचारताय!"

पण पान हवं होतं. कळवलं. थीम : साहेबाचा माज. मूड : संताप. आणि त्याबरहुकूम कथा लिहिली. साताऱ्याहून बदली होऊन आलेला एकटा कारकून, त्याचा ऑफिसात अपमान. कथेत सगळे ओरडत होते आणि जीव कुणातच नव्हता. संपादक म्हणे, झकास!

ते कथा न्यायला मैलापूरला आमच्या घरी आले, तेव्हा घरमालकीण मामी कॉफी घेऊन वर आल्या. मामी तंजावरी मराठी. बोलायला मराठी, वाचायला तमिळ. म्हणून मी मोठ्याने वाचलं, "साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत तंबी दिली."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "भलं केलं हो साहेबाने. एकटा होता बिचारा."

भलं? मी भडकलो. मग उलगडलं. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ! अहो, पण मी 'दिली' म्हटलं होतं, 'दिला' नव्हे! व्याकरणाची काही चाड? तावातावाने मी त्यांना समजावलं की आमच्याकडे तंबी म्हणजे खडसावणी, दम.

मामींचा चेहरा खर्रकन उतरला. आणि माझा कारकून मला तेव्हा कुठे पहिल्यांदा दिसला. त्याला अपमान डाचत नव्हताच. या गावात हक्काने रागवायलाही त्याचं कुणी नव्हतं. महिनाभर मी त्याच्यावर माझा संताप लादत बसलो होतो, तोही आगाऊ कळवलेला!

मी कागद संपादकांच्या हातून ओढून घेतले.

"अहो, थीम ठरलीय! पानावर 'संतप्त कथा' असा मथळा छापून झालाय!"

"मग मथळाच वाचा म्हणावं लोकांना!"

"पान जाईल तुमचं!"

"जाऊ दे!"

आमची अशी जुंपलेली असताना मामी मात्र माझ्यावरच कडाडल्या, "अय्यो, त्या पोराला दिलेला भाऊ परत कशाला घेतलास रे?"