तेहेतिसावा गोळा

उन्हाळी आतषबाजीवरची गाणी मित्सुएला शंभरेक तरी पाठ असतील. सगळ्यांत नदी असते, संध्याकाळचा वारा असतो, हाताला हात लागता लागता राहतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरंच कुणी बसलेलं असतं. "तुमच्या या गाण्यांत एकाचंही लग्न लागत नाही," तिचा नवरा शोकिची म्हणायचा. तो चटया विणायचा. अर्धवट काम त्याला बघवत नसे.

मित्सुए केस कापायची. नागाते गावात नदीच्या बांधाला लागून तिचं तीन खुर्च्यांचं दुकान, त्यातली एक मोडकी. पण गाव तिला ओळखायचं ते आवाजावरून. ऑगस्टच्या आतषबाजीत माणसं आपापल्या नावानं एकेक गोळा उडवून घेतात. कुणाला नातू झालेला असतो, कुणाची आई गेलेली असते. आनंदाला रंगीत गोळा, गेलेल्याला पांढरा. गोळा उडण्याआधी त्याची चिठ्ठी कर्ण्यावरून वाचली जाते, आणि या चिठ्ठ्या शेहेचाळीस वर्षं मित्सुए वाचत आली. पहिल्या वर्षी तिनं त्या घरी चारदा वाचून पाहिल्या, रडून घेतलं, आणि माइकपुढे आवाज कोरडा ठणठणीत निघाला. तेव्हापासून तिनं नियमच केला की चिठ्ठी आधी बघायची नाही. हातात पडेल तशी वाचायची.

सगळ्यात शेवटी ती एक गाणं म्हणे. ते रेडिओवरचं नव्हतं. ती बावीस वर्षांची असताना पुलाच्या मोजणीसाठी आलेल्या इसामु तोगाशीनं ते रचलं होतं. तो गिटार बेताचीच वाजवायचा, पण शब्द त्याचे होते:

उजेड आधी येतो, आवाज मागून,
तेवढ्यात तू उठलीस, बाही झटकून.

कडवी दोनच होती. "तिसरं नव्या वर्षाच्या कार्डावर पाठवतो," जाताना स्टेशनवर तो म्हणाला होता. "त्यात तुला काहीतरी विचारायचंय."

शरदात पेपरात बातमी आली, डोंगरातल्या एका धरणाच्या कामावर दरड कोसळून चार माणसं गेली. नावं नव्हती. इसामुची बदली तिकडंच कुठंतरी झाली होती. मग डिसेंबरात त्याच्या घरून कार्ड आलं, पण ते करड्या कडेचं, सुतकाचं. 'यंदा आमच्या घरी मृत्यू झाल्याने नववर्षाच्या शुभेच्छा देता येत नाहीत.' खाली नुसतं आडनाव छापलेलं, पत्ता बाईच्या अक्षरात. घरात कोण गेलं, हे अशा कार्डावर असतंच असं नाही, आणि ते उलट विचारणं म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवणं. मित्सुएनं विचारलं नाही. रीतीप्रमाणं उदबत्त्यांचा पुडा पाठवला. त्याच्या आईचं दोन ओळींचं आभारपत्र आलं. तिनं ते दुकानाच्या गल्ल्यात खाली ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यापासून ती दर वर्षी एक पांढरा गोळा देऊ लागली. चिठ्ठीत एकच ओळ, 'तोगाशी इसामु यांच्या स्मृतीला.' देणाऱ्याचं नाव नाही. सात वर्षांनी शोकिचीनं मागणी घातली तेव्हा तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं हातातल्या चटईचा टाका पुरा केला. "मेलेल्याशी काय भांडायचं?" तो म्हणाला. लग्नानंतर ती चिठ्ठी आतषबाजी समितीच्या कचेरीत तोच नेऊन देऊ लागला, थेट सहा वर्षांपूर्वी तो स्वतः जाईपर्यंत.

यंदा एकतिसावी चिठ्ठी होन्मानं तिच्या हातात ठेवली. होन्मा गावचा मासेवाला, मंडपात तिच्या शेजारी बसून पलीकडच्या काठावरच्या दारूकामवाल्यांशी फोनवर बोलायचा.

"रंगीत आहे, ताई. जरा मोकळ्या गळ्यानं येऊ द्या."

ती वाचू लागली. "'वडील गेले त्या वर्षी जिच्याकडून उदबत्त्या आल्या, आणि मग काहीच आलं नाही, तिच्यासाठी. तिसरं कडवं अजून जमलेलं नाही. सेंदाईहून, तोगाशी इसामु.'"

शेहेचाळीस वर्षांच्या सवयीनं आवाज उतारावरच्या सायकलसारखा शेवटापर्यंत गेला. कुठं अडखळला नाही. मग पलीकडच्या काठावर आपटून तेच नाव क्षणभरानं परत आलं, आणि तेव्हा तिला ऐकू आलं की आपण काय वाचलं.

वर काहीतरी लाल-हिरवं फुटलं. लोक 'ओ' म्हणाले. तिनं मान वर केली नाही. चिठ्ठीवरचं नाव तिनं पुन्हा वाचलं.

"लाजवाब," होन्मा म्हणाला. "मी सकाळी बघितला ना त्याला. काठी टेकत आला कचेरीत."

"कोण?"

"हाच, तोगाशी. विचारत होता, शेवटी अजून तेच गाणं म्हणतात का. म्हटलं, तेच म्हणतात, दुसरं येतंय कुठे आमच्या ताईंना!"

"जिवंत आहे?"

होन्मा हसला. "सकाळी तरी होता. आत्ता पुढच्या रांगेत असेल, चिठ्ठीवाल्यांना तिथंच बसवतात."

वडील. एवढा साधा शब्द. घरात वडील असतात, ते म्हातारे होतात, जातात. हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. पंचेचाळीस उन्हाळे तिनं एका जित्या माणसाचं श्राद्ध घातलं होतं, तेही कर्ण्यावरून, गावासमोर. त्या सगळ्या उन्हाळ्यांत तो कुठंतरी जेवत होता, सर्दीनं शिंकत होता, कुणाकडून तरी केस कापून घेत होता. आणि शोकिची? तो ज्याच्याशी भांडला नाही, तो मेलेला नव्हताच. शोकिचीला हे न कळताच तो गेला, हे बरं झालं की वाईट, तिला ठरवता येईना.

मग तिला आठवलं.

"होन्मासाहेब, तेहेतिसावा कुणाचा?"

"तुमचाच की, नेहमीचा. यादी करताना मला गंमतच वाटली बघा. नाव एकच, एक तोगाशी जिता, एक गेलेला. म्हटलं, असतात नावासारखी नावं."

"रद्द करा तो."

"आता? अहो, दुपारीच नळकांड्यांत भरलेत. वाचा, नाहीतर वाचू नका, तो उडणारच." त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "बरं नाही का वाटत? पाणी देऊ?"

"बत्तिसावी द्या."

बत्तिसावी बेकरीवाल्याच्या जुळ्या मुलींची होती. तिनं मोठीचं नाव धाकटीला दिलं. काठावरच्या मैदानात हशा पिकला, कुणीतरी ओरडलं, "मित्सुएताई, चष्मा बदला!"

तेहेतिसावी चिठ्ठी हातात आली. तिचंच अक्षर होतं. ही ओळ आता त्या माणसाला ऐकवायची होती ज्याच्यावर ती लिहिली होती. नाही वाचली, तर तो पांढरा गोळा मुकाट्यानं उडेल, तो काठी टेकत सेंदाईला परत जाईल, आणि उदबत्त्यांनंतर काहीच आलं नाही हेच खरं राहील.

"क्रमांक तेहेतीस. पांढरा," ती म्हणाली.

पांढरा म्हटलं की मैदान मान खाली घालतं, तशा माना खाली गेल्या. पुढच्या रांगेतल्याही गेल्या असणार. कुणा अनोळखी मृतासाठी तोही मान खाली घालून बसला असणार.

"तोगाशी इसामु यांना."

पुढचा शब्द चिठ्ठीवर होता. तो तिनं गिळला.

"केस कापणाऱ्या मित्सुएकडून. सुतकाचं कार्ड मिळालं होतं. कोण गेलं, ते त्यावर नव्हतं. मी विचारलं नाही."

हजारो माणसं बसली होती आणि एक मूल तेवढं खोकलं. होन्मा फोन कानाला लावून तिच्याकडं बघत राहिला, पलीकडून कुणीतरी "उडवू का? अहो, उडवू का?" विचारत होतं ते तिलाही ऐकू येत होतं.

"उडवा," तीच म्हणाली.

आधी उजेड आला. सगळी नदी पांढरी झाली, खाली घातलेल्या मानांची रांगन् रांग दिसली, आणि एक मान वर होती. कुणाची, ते कळायच्या आत अंधार झाला. मग आवाज येऊन तिच्या छातीवर बसला.

उरलेल्या चिठ्ठ्या तिनं वाचल्या. कशा, ते तिला विचारू नये. गाणं म्हटलं, दोन्ही कडवी. दर वर्षी दुसऱ्यानंतर ती वाकून माइक बंद करायची. यंदा ती तशीच उभी राहिली, तिसऱ्याएवढा वेळ. कुणी टाळी वाजवली नाही.

सगळं संपल्यावर इथं अलीकडचे लोक हातातले दिवे हलवून पलीकडच्या दारूकामवाल्यांचे आभार मानतात, आणि तेही तिकडून दिवे हलवतात. मित्सुएनं विजेरी उचलली. नदीकडं पाठ केली आणि मैदानाकडं तोंड करून हलवू लागली.

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग पुढच्या रांगेत एक दिवा वळला. त्याच्या मागोमाग दुसरा, दहावा, शंभरावा, बघता बघता अख्खं मैदान तिच्याकडं वळून हलू लागलं. पहिला कुठला होता, ते आता ओळखू येत नव्हतं.

"ताई," होन्मा हळूच म्हणाला, "दारूकामवाले तिकडे आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि हात खाली न घेता मंडपाच्या पायऱ्या उतरू लागली.