अक्कांच्या तोंडातलं खरं

आमच्या शेजारचे दातवाले भावजी खोटं बोलत नाहीत, खोटं ते फक्त बनवतात. त्यांच्या पुढच्या खोलीत एक टेबल आहे, त्यावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि एक बोथट सुरी. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, भावजी त्यावरून कवळ्या करून परत पाठवतात. वरच्या फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग आहे. नव्या पाहुण्याला वाटतं, हे आपल्यालाच हसतायत. तसं काही नाही, ते सगळ्यांनाच हसतात.

दिवसभर हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळे भावजींना देवाचा विचार करायची सवय लागली. इतर पुरुष हवामानावर बोलतात, भावजी देवावर बोलतात. अंदाज दोन्हीकडे सारखेच चुकतात.

"शेजारीणबाई, सत्य म्हणजे काय सांगू?" मी दारात उभी राहिले की सुरुवात. "जे बसतं ते सत्य. कवळी बसली तर खरी, हलली तर खोटी. देव आहे की नाही हे विचारूच नका. बसतो का, ते विचारा."

"आणि टोचला तर?"

"टोचला तर घासायचा."

"देवाला?"

"देवाच्या कल्पनेला हो!"

दुसरा सिद्धांत याहून धोक्याचा होता. नवशिका कारागीर सगळे दात सरळ आणि शुभ्र लावतो, म्हणून ती कवळी रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते. मुरलेला कारागीर एखादा दात किंचित पुढे काढतो, एखाद्याला चहाचा पिवळेपणा देतो. मग डोळा फसतो. यावरून भावजींनी काढलेला निष्कर्ष असा, की आपण देवाला इतका परिपूर्ण करून ठेवलाय की तो कुणाला खराच वाटत नाही. त्याला एक वाकडा दात द्या, बघा लोकांचा विश्वास कसा बसतो ते.

हे त्यांनी भर जेवणात सांगितलं. समोर अक्का बसल्या होत्या.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पंचाहत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, रोज सकाळी खिडकीपाशी बसून तासभर देवाचं नाव घेणारी. भावजींची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना दात फुटले नव्हते, तेव्हा अक्काच घास चावून भरवायच्या. त्यामुळे पन्नाशी उलटलेला हा माणूस अजून त्यांच्या लेखी छोटूच आहे.

"छोटू," पाण्याचा पेला खाली ठेवत अक्का म्हणाल्या, "देवाच्या तोंडापर्यंत पोचलास? आधी आपलं धुऊन ये."

आणि याच अक्कांचे शेवटचे दात यंदा गेले. चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण आपण सगळे वापरतो, पण घरात दातांचा कारखाना असून तोंड बोळकं, हे फक्त आमच्या शेजारी. अक्का दुधात पाव बुडवून जगू लागल्या. गाल आत गेले. एके दिवशी बोटातली अंगठी गळून दुधात पडली. डॉक्टर म्हणाले, चावून खाल्लं नाही तर हिवाळा अवघड आहे.

"चार दिवसांत कवळी करून देतो," भावजी म्हणाले.

"नको."

"का?"

"ज्या तोंडाने देवाचं नाव घेते, त्या तोंडात खोटं ठेवणार नाही."

इथे भावजींचं सगळं तत्त्वज्ञान उंबऱ्यावर अडखळलं. माझ्या घरातली साखर नेहमी शेजारच्या भांडणाच्या वेळीच संपते, त्यामुळे पुढचं सगळं मी वाटी हातात धरून ऐकलेलं आहे.

"चष्मा लावतेस ना, अक्का?"

"चष्मा कधी म्हणाला, मी डोळा आहे? तो बिचारा बाहेर बसतो."

"अगं, बसतं ते खरं!"

"चोरही दुसऱ्याच्या खुर्चीत बसतो."

"देव तोंडातलं बघतो का मनातलं?"

"मनात तो आधीच आहे. वाट तोंडातूनच जाते."

भावजी टेबलाशी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे मुद्दा नव्हता.

भावजींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मुद्द्यांची गरज पडत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना, हिरड्या बळकट करायचं औषध आहे, तोंडात धरायचं."

"खोटं बोलू? तिच्याशी?"

"घर खोट्या दातांवर चालवलंत की आजवर."

"दात खोटे असतात. मी नसतो."

"मग खऱ्याने मारा त्यांना," वहिनी म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी भांडी इतक्या जोरात ठेवली की फळीवरचे जबडे वाजले. "त्यांनी घास चावले तुमच्यासाठी. तुम्ही वाद चावत बसा."

हे मात्र लागलं. दुसऱ्या दिवशी भावजींनी पवित्रा बदलला. "अक्का, नुसतं माप दे."

अक्कांनी विचार केला. माप दिलं म्हणजे कापड घ्यावंच लागतं असं नाही. दिलं.

मग भावजी रात्रंदिवस टेबलावर. कारण त्यांना युक्ती सुचली होती, आणि युक्ती प्रामाणिक होती. अक्कांचा वरचा पुढचा दात फुटल्यापासून वाकडा, शेजारच्यावर चढलेला. फोटोत कुठेच सापडेना, कारण फोटो म्हटला की अक्का ओठ मिटायच्या. भावजींनी तो आठवणीतून घडवला, नखाएवढा कोपरा तुटलेला होता तोही. जे होतं तेच परत दिलं तर त्याला खोटं कोण म्हणेल?

पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. अक्का म्हणाल्या, खोटं नको. भावजी म्हणाले, "हे मेण आहे, आणि मेण म्हणूनच देतोय. यात खोटं काय?"

अक्कांना खोट सापडेना. त्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी आरसा धरला. मी वाटी धरली.

अक्का बघत राहिल्या. भावजींचे डोळे भरून आले होते, आता अक्कांचे भरणार अशी सगळ्यांची खात्री.

"मेल्या!" अक्का कडाडल्या. "हा दात पडला तेव्हा मी देवाचे आभार मानले होते! साठ वर्षं तोंडावर हात ठेवून हसले मी. आणि तू तोच परत आणलास?"

"अगं, पण तो खरा..."

"खरा होता म्हणून काय झालं? चूक होती ती!"

"कुणाची?"

अक्कांनी खिडकीकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कुणाची का असेना. सरळ कर."

"सरळ केला तर खोटा होईल, अक्का."

"तुला कर म्हटलं ना."

भावजींनी सुरी दिव्यावर धरली, मेण मऊ केलं आणि दात सरळ केला. त्यांचा चेहरा असा, की जणू साक्ष फिरवायला लावलीय. पुन्हा बत्तिशी तोंडात, पुन्हा आरसा.

या वेळी अक्का फारच वेळ बघत बसल्या. दात सुरेख दिसत होते. अगदी डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रातल्यासारखे.

"ही कोण बाई?" अक्का म्हणाल्या.

त्यांनी दात काढून भावजींच्या हातावर ठेवले.

"छोटू, थोडा वाकव."

"किती?"

"होता तितका नको. थोडासा. सकाळी नाव घेतलं की त्याला ओळखू यायला हवी मी."

भावजींनी वाकवला. "इतका?"

"अजून जरा."

"इतका?"

"बस. एवढ्यावर ओळखतो तो."

कवळी पक्की झाली त्या आठवड्यात मी गेले, तेव्हा अक्का टेबलाशी बसून शेंगदाणे खात होत्या. सावकाश, दोन्ही बाजूंनी. सकाळी कवळी लावूनच खिडकीपाशी बसल्या होत्या, असं वहिनींनी मला जिन्यातच सांगितलं होतं.

भावजींना राहवेना. "अक्का, एवढंच सांग. आता तोंडात आहे ते खरं का खोटं?"

अक्कांनी मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले.

"खाताना बोलू नये," त्या चावत म्हणाल्या आणि बशी भावजींच्या पुढ्यात सरकवली.