रामटेके सरांचा घरातला आवाज

असा लेख सुरू झाला की पुढं काय येणार ते तुम्हाले पाठच असंन. फोन वाजला, हातातला कप थरथरला, डोळ्यासमोर अंधारी आली… तशी वाट पाहून राहिले असाल तर आधीच सांगतो, तसं काही झालं नाही. फोन वाजलाच नाही, सायलेंटवर होता. आणि मी त्या वेळेले नागपूरच्या आमच्या खोलीत, टॉवेल खांद्यावर टाकून, दोन रूम पार्टनरसमोर रामटेके सरांचीच नक्कल करून राहिलो होतो. "मागच्या बाकावरील विद्वानांनी कृपया झोपेतून उठावे…" पोट्टे गादीवर लोळून हसत होते. तेवढ्यात खाटेवर फोनचा लाइट लागला. काकूंचं नाव होतं, म्हणजे सरांच्या मिसेसचं.

"पंकज, सर गेले बाबू. सकाळी झाडायले पाणी टाकता टाकता खाली बसले, ते उठलेच नाही. तू ये."

मी खाली बसलो. तर आमचा सचिन टाळी वाजवून म्हणतो, "वा बे! हे तर लईच भारी. आता पुढचं कर." त्याले वाटलं, हाही नकलेचाच भाग आहे. नकला करणाऱ्या माणसाचं असंच होते. खरं रडलं तरी समोरचा पुढच्या आयटमची वाट पाहत बसते.

रामटेके सर मले उमरेडच्या शाळेत भूगोल शिकवत. सरांचा आवाज म्हणजे काय सांगू… घशातून नाही, पोटातून येई. वर्गात पाय ठेवला की आधी थांबत, दोन्ही हातांनी शर्टाच्या बाह्या नीट करत, आणि मग एकदम शुद्ध भाषेत सुरू होत. "हं… तर विद्यार्थ्यांनो, पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे?" खिडकीबाहेर रस्त्यानं कोळशाचे ट्रक जात, सगळ्या शाळेच्या खिडक्या काळ्या, आणि सर आम्हाले विचारत की पृथ्वीच्या पोटात काय आहे! मागून कोणीतरी "इडली-सांबार" म्हणे. तो कोणीतरी बहुतेक मीच राहत होतो.

नववीच्या गॅदरिंगमध्ये मी स्टेजवर सरांची नक्कल केली. सगळं मैदान हसून राहिलं, आणि सर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. मले वाटलं, आता गेलो. खाली उतरलो तर जवळ बोलावलं आणि म्हणाले, "खडू डाव्या हातात पाहिजे. मी डावखुरा आहे. निरीक्षण कमी पडते तुझं." बस, एवढंच. त्या दिवशीपासून मी सरांचा भक्त.

पुढं मी नागपूरले आलो. एम.ए. केलं आणि बी.एड.ची प्रवेश परीक्षा पास झालो. नंबर लागला तेव्हा सगळ्यात आधी पेढे घेऊन सरांकडे गेलो. सर रिटायर होऊन घरीच होते. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "चेहरा असा काहून केला गा? नंबर लागला का उडाला?"

चेहरा तसाच होता, कारण सीनियर पोट्ट्यांनी आधीच घाबरवून ठेवलं होतं. बी.एड.मध्ये खऱ्या शाळेत जायच्या आधी सूक्ष्म पाठ घ्यावे लागतात. म्हणजे काही मिनिटांचा छोटासा पाठ. आपल्याच बरोबरचे दाढीवाले पोट्टे अन् लेकुरवाळ्या बाया समोर सातवीतली मुलं बनून बसतात, मागं मॅडम पेन उघडून बसतात, आणि आपण उभं राहून शिकवायचं. तुम्ही म्हणाल, तुझ्यासारख्या नकल्याले काय त्याची भीती? तीच तर खरी गोष्ट आहे. मी जन्मात कधी लोकायसमोर मी म्हणून उभाच राहिलो नाही. कोणीतरी होऊनच उभा राहिलो. कंडक्टर होतो, नगरसेवक होतो, आमच्या मामीचा मिक्सर होतो. नुसता पंकज म्हणून तोंड उघडलं की आवाज मच्छरासारखा निघते. हे मी कोणाले सांगतलं नव्हतं. सरांले सांगतलं.

सर म्हणाले, "रविवारी येत जा. इथंच वर्ग भरवू."

मग दर रविवारी मी एसटीनं उमरेडले जायले लागलो. सरांच्या घरची पुढची खोली म्हणजे वर्ग. भिंतीले टेकवून एक जुना फळा. समोर दोन खुर्च्या, एकीवर सर अन् दुसरीवर शेंगा निवडत काकू. आणि सर कोण बनले असतील? मी! नववीतला मी! पाय पसरून, बोट वर करून, "सर, पाणी प्यायले जाऊ? सर, हा मले चिमटे घेऊन राहिला." चिमटे घेणारी म्हणजे काकू. एवढी हुबेहूब नक्कल की मीच चाट पडलो. मी म्हटलं, "सर, हे तुम्ही कधी शिकले?" तर म्हणतात, "तू समोर बसून माझं पाहत होता, तर मी काय डोळे मिटून होतो?"

काकूंचा वेगळाच ताप. त्या खरंखुरं ऐकत. मी कोळसा कसा तयार होतो ते सांगून राहिलो होतो, जंगल गाडल्या गेलं, वरून माती पडली, दाब अन् गर्मी वाढली, तर मधातच शेंग मोडून विचारतात, "पण सर, एवढी गर्मी होती तर जमिनीतलं लाकूड जळून राख काहून नाही झालं?" एक तर मले 'सर' म्हणतलं म्हणून घाम, वरून उत्तर माहीत नाही. सर हसून हसून खुर्चीतून पडाले आले. "सांग ना गुरुजी! मुलीनं प्रश्न विचारला." (हवा लागत नाही म्हणून जळत नाही. आता झोपेतून उठवून विचारा.)

पण मेन लोचा वेगळाच होता. मी सुरुवात केली की आवाज सरांचा येई. बाह्या नीट करून, "हं… तर विद्यार्थ्यांनो…" सर लगेच हात वर करत. "हा मी झालो. तू कुठं आहे?" मग मी माझ्या आवाजात सुरू करू आणि दुसऱ्या वाक्याले गाडी बंद. एका रविवारी मी चिडूनच म्हटलं, "सर, तुमचाच आवाज घेऊन गेलो तर काय बिघडते? चांगला तर आहे!"

सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. मग म्हणाले, "तो माझा नाहीच गा बाबू. मी बी.एड.ले होतो तेव्हा मलेही अशीच भीती वाटे. घरातला मी पहिलाच शिकलेला, वर्गासमोर उभं राहिलं की वाटे, हे सगळे मले हसून राहिले. आमचे एक सर होते, पोटातून बोलत. त्यायचा आवाज काढून पाहिला, निभावलं. मग नोकरीभर तोच चालवला. पुढं पुढं शाळेच्या गेटात पाय ठेवला की तो आपोआप सुरू होई." मी काकूंकडे पाहिलं. त्या शेंगातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "घरी नाही आणू दिला मी त्यायले तो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगतलं, तुमचा शाळेतला माणूस शाळेत ठेवून या."

आणि खरंच, घरात सर दुसरेच होते. हळू बोलत, वाक्य अर्धं सोडून देत. "अवं, ते हे कुठं… असू दे, भेटलं." शाळेतल्या कोणी ऐकलं असतं तर ओळखलं नसतं. "तुझं असं नको होऊ देऊ," एवढंच त्या दिवशी म्हणाले आणि चहा मागितला.

त्याच्या पुढचा रविवार आलाच नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडप भरून गेला होता. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून सरांबद्दल बोलला. सरांच्या जाण्याचं दुःख होतंच, पण खोटं काहून बोलू, बी.एड.चीही भीती होती. कोर्स सुरू व्हायले थोडेच दिवस राहिले होते, रविवार बंद पडले होते, आणि मी ठरवून टाकलं होतं की यंदा ॲडमिशन सोडून द्यायची. तेवढ्यात जुन्या हेडमास्तरांनी माइक माझ्याकडे केला. "हा पंकज. सरांचा लाडका नकल्या. बेटा, एकदा ऐकव रे आवाज त्यांचा. शेवटचा." लोकांनी माना हलवल्या. काकू नेमक्या तेव्हा पाणी प्यायले घरात गेल्या होत्या.

मी माइक हातात घेतला, बाह्या नीट केल्या, आणि पोटातून आवाज काढाले गेलो तर तो आलाच नाही. जे बाहेर आलं ते भलतंच. "बस ना बाबू… एसटीले गर्दी होती का? अवं, पाणी दे त्याले… ते हे कुठं… असू दे, भेटलं." एवढंच. मंडपात सगळे एकमेकांकडे पाहून राहिले. मागून कोणीतरी म्हणालंही, "जमलं नाही गा. सर असे कुठं बोलत होते?" मी माइक देऊन दिला. मान वर केली तर दारात काकू उभ्या. हातात पेला, अर्धं पाणी लुगड्यावर सांडलेलं. धापा टाकून राहिल्या होत्या.

लोक जेवाले बसल्यावर काकूंनी मले पुढच्या खोलीत ओढलं, दार लावलं, आणि मग जे सुरू झालं…

"काय गा ए, लाज नाही वाटली तुले? मी आत होती. मी तशीच धावत आली बाहेर! एवढ्या दिवसांत कोणी असा आवाज दिला नाही मले. तो शाळेतला आवाज काढला असता तर मी काही म्हणली नसती, तो साऱ्या उमरेडचा होता. हा माझा होता. हा घरातला होता! मंडपात, माइकवर, कोणाले विचारून काढला?"

मी म्हटलं, "काकू, चुकून निघाला. आणि मी आता नाहीच काढत कोणाचा. बी.एड.ही सोडून राहिलो मी. माझ्याच्यानं नाही होत."

तर पेला आपटला त्यांनी. "वा! म्हणजे ते दर रविवारी इथं बोट वर करून बसले, पाणी प्यायले जाऊ म्हणाले, मी शेंगा सोडून तुले सर-सर म्हणली, ते सगळं काय तमाशा होता? सोमवारी कॉलेज आहे ना तुझं? उभा राहा त्या फळ्यापाशी. राहा ना उभा! सांग, कोळसा कसा होते."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर काय मी मेल्यावर? सांग."

मी फळ्याजवळ उभा राहिलो. डोळे पुसले. "खूप वर्षांआधी… इथं सगळं जंगल होतं…" माझाच आवाज होता. मच्छरासारखा.

"मोठ्यानं! दुसऱ्याचा आवाज काढतानी भोंगा लागते तुले, अन् स्वतःच्या आवाजात सांगतानी तोंडातल्या तोंडात काहून बोलून राहिला? मोठ्यानं सांग ना बापा, मले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं!"