मदुराईचे दीड दिवस

साठी झाली की माणसाला अक्कल येते असा माझा समज होता. पण साठ पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच मी फोनवरून एक थट्टा केली आणि एका बाईचा उभ्या जन्मातला एकुलता एक प्रवास अर्ध्यावर मोडला. ही कबुली आधीच देऊन टाकते. नाहीतर समोरच्या भावजींच्या गमती सांगता सांगता मी स्वतःला हळूच वगळीन. तशी सवयच आहे मला.

भावजी म्हणजे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दारासमोर दार असलेले शेजारी. घराबाहेर पडणं ही साधी गोष्ट त्यांच्याइतकी अवघड करून ठेवलेला माणूस मुलुंडपासून चेंबूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. कुलूप लावलं की ते एका हाताने ओढत, मग दोन हातांनी, मग दाराला पाय लावून. एकदा कडीच उपटून हातात आली, तर विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो?" मग दोन जिने उतरायचे आणि गॅसचं बटण बघायला पुन्हा वर यायचं. कॅमेऱ्याचा मोबाइल आला तेव्हा वाटलं, सुटले बिचारे. निघताना बंद बटणाचा फोटो काढून नेऊ लागले. नाटकाच्या मध्यंतरात आम्ही सगळे बटाटेवड्यांवर तुटून पडलेलो आणि हे फोटो न्याहाळतायत. "बंद आहे," म्हणाले. मी म्हटलं, "मग खा की आता!" घास तोंडाशी नेला आणि चेहरा पडला. "पण वहिनी, हा फोटो आजचाच ना?"

त्यांची बायको माझी मैत्रीण, शाळेत शिकवायची. मूलबाळ नाही, दोघंच. नवऱ्याच्या वर-खाली फेऱ्या चालू असताना ती पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसून क्रोशाची सुई चालवायची. दाराचं एक अख्खं तोरण तिने असं जिन्यात विणलं. मी चिडवायची, "अगं, लग्नात मांडवातून उठून गॅस बघायला नाही गेला का गं हा?" ती मान वरही न करता म्हणायची, "तेव्हा स्टोव्ह होता."

तिचं लहानपण चेंबूरचं. शेजारी मदुराईचं कुटुंब होतं, त्या घरातल्या आजीने हिच्या डोक्यात भरवलेलं की संध्याकाळी मीनाक्षीच्या देवळातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसावं, पाण्यात गोपुर दिसतं आणि त्या वेळी काही मागावंसं वाटत नाही. एवढंच तिला करायचं होतं. पायरीवर बसायचं. पस्तीस वर्षं संसार करून तिने एक हट्ट धरला आणि शाळेला सुट्टी म्हणून भर मे महिन्यात, चार दिवसांसाठी, ती दोघं मदुराईला निघाली. मी अर्थातच शहाणपण पाजळलं, "उकडूनच घ्यायचंय तर मुलुंड काय वाईट आहे?" तिने हसून घराची चावी माझ्या हातात ठेवली. तिचा मोबाइल मात्र घरीच राहिला, कारण भावजींच्या मते दोन फोन म्हणजे हरवायच्या दोन वस्तू.

पोचल्या दिवशी भावजींचे सात फोन आले. वहिनी, सिलिंडर बघता का. वहिनी, मोरीचा नळ. वहिनी, खिडकीची वरची कडी, खालची नव्हे, वरची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुकती आडवी झाले होते आणि पुन्हा फोन. माझ्यातली वात्रट पोरगी साठीतही मेली नव्हती. अगदी गंभीर आवाजात मी म्हटलं, "भावजी, घाबरू नका हं, पण तुमच्या स्वयंपाकघरातून कसलातरी वास येतोय."

पुढच्याच वाक्याला मी हसणार होते. फोन बंद झाला. मी उलट लावला, पुन्हा लावला, संध्याकाळपर्यंत लावत राहिले. लागलाच नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीचं विमान पकडून, दोघं बॅगांसकट दारात.

भावजी आत धावले, रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसले. ती बाहेरच बॅगेवर टेकली होती. वेणीत कालचा सुकलेला मोगरा तसाच. म्हणाली, "सकाळी गर्दीत दर्शन उरकलं गं. तळ्याकडे संध्याकाळी निवांत बसू म्हटलं. देऊळ चारला उघडतं ना, मी गजरा माळून तयार होते." मग माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच वास येत होता?"

मी म्हटलं, "हो."

थट्टेला मूर्खपणा म्हणता येईल. ह्या 'हो'ला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या मेमध्ये नक्की जाऊ, असं भावजी तिला येता-जाता सांगत राहिले. दिवाळीनंतर ती आजारी पडली, होळीला ती नव्हती. तिच्या दहाव्याला कावळा पटकन शिवेना तेव्हा जमलेल्यांनी नाना इच्छा बोलून पाहिल्या. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते, पण भावजींच्या शेजारी उभी राहून माझं तोंड उघडलं नाही.

आता भावजी फारसे बाहेर पडतच नाहीत. दुपारचे आमच्याकडे जेवायला येतात. गेल्या मेमध्ये आमटीभात वाढता वाढता, आठ वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. वाटलं, ताटावरून उठतील. ते उठले नाहीत. भात कालवत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले,

"थट्टा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. ती तिथे अनोळखी बायकांशी, भाषा येत नसताना, खळखळून हसत होती. घरी मी तिला तशी कधी बघितली नव्हती. मला तिथे बसवेना. परत यायला काहीतरी कारण हवं होतं, ते तुमच्या नावावर खपवलं."