शेलार सरांनी अंगावर घेतलेली खारफुटी

प्रा. शेलार सरांची आणि माझी पहिली भेट सांगलीच्या कॉलेजात, भूगोलाच्या खोलीत झाली. सत्तरचं दशक सरत आलं होतं. उपग्रहातून घेतलेलं कोकण किनाऱ्याचं भलंमोठं छायाचित्र पसरून सर भिंग लावून बसले होते. मूळचे मेढ्याकडचे, डोंगरातले. यांना समुद्राचं काय पडलंय, असं मला वाटलं. "बघत काय राहिलास? ये, कागद धर," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली काम करू लागलो.

एका खाडीला बांध घालून शेतजमीन काढायची सरकारी योजना होती आणि योजनेच्या कार्यालयानं तिथला नकाशा सरांकडे मागितला होता. छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून मी रेघा ओढायचो आणि गावच्या नोंदी पाहून नावं भरायचो. आतल्या पट्ट्याची नोंद होती 'खारफुटी'. मी पडलो उसाच्या गावचा. आमच्याकडे पाणी फार झालं की रानात खार फुटतो आणि जमीन कामातून जाते. मी बिनदिक्कत लिहिलं, 'निकामी जमीन'. सरांनी विश्वासानं सही केली आणि नकाशा रवाना झाला.

मात्र नकाशा जागेवर ताडून पाहायची सरांची शिस्त होती. पुढच्याच आठवड्यात आम्ही खाडीवर गेलो. भरतीच्या पाण्यात हिरवीगार झाडी उभी होती. एका कोळीणबाईंनी मुळांतलं पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. त्यात नखाएवढी माशांची पिल्लं वळवळत होती.

"ही इथंच वाढतात. बांध घातलात तर आम्ही काय धरायचं?" त्यांनी विचारलं.

सर मला हळूच म्हणाले, "गड्या, ही तुझ्या उसातली खारफुटी न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

योजनेच्या बैठकीत सर उभे राहिले. "नकाशा चुकलाय. चूक माझी आहे." घाटावरच्या माणसाला खाडी काय कळणार, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. सरांनी ते ऐकून घेतलं आणि दुरुस्त नकाशा पुढे ठेवला. तो पट्टा बांधाबाहेर राहिला. त्या कार्यालयाचं काम मात्र सरांकडे पुन्हा कधी आलं नाही. परतताना एस.टी.त मी माफी मागायला लागलो, तर शेंगा पुढे करत म्हणाले, "खा. सही कुणाची हाय?"

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव कुठं घेतलं नाही, आणि माझीही ते सांगायची हिंमत झाली नाही. आज सर्वांसमक्ष लिहितो, ती चूक माझी होती. सरांना खणखणीत तब्येतीचं उदंड आयुष्य लाभो. हे वाचून ते माझ्यावर रागावणार, हे नक्की. पुढची पुष्कळ वर्षं त्यांनी असंच रागवावं.